वाट पाहण्याचं पान

आमचा वायरमन फोनवर ‘निघालोच ना भाऊ’ म्हणतो तेव्हा तो घरी जेवत असतो. ‘येऊन राह्यलो’ म्हणाला, तर त्याचा अजून आंघोळीला जायचा विचार चाललेला असतो. आणि ‘तुमच्याच कामाले निघालो होतो’ असं म्हणाला की समजावं, गडी चिखलीला आहे, आज काही येत नाही. हे सगळं उमगायला मला अमडापूरला परत आल्यावर चार महिने लागले. त्याआधी बावीस वर्षं मी पुण्याच्या एका कंपनीत नियोजन विभागात होतो, त्यामुळे माणसं जे बोलतात तेच त्यांच्या मनात असतं असा माझा भाबडा समज होता.

त्या कंपनीत एकदा टाय घातलेल्या एका गृहस्थानं आम्हाला दोन दिवस कोंडून घातलं आणि कामं कशी करावीत ते शिकवलं. कामं दोन प्रकारची, म्हणाला. आपल्या हातातली आणि दुसऱ्यावर अडलेली. दुसऱ्यावर अडलेली कामं डोक्यात ठेवायची नाहीत, त्यांचं वेगळं पान करायचं. कोणावर अडलंय, काय अडलंय, कधी सांगितलं आणि परत कधी विचारायचं. रोज सकाळी ते पान बघायचं, ज्याची वेळ झाली त्याला आठवण करून द्यायची, पोच घ्यायची आणि मग चहा प्यायचा. मी ते पिवळ्या कागदावर करायचो आणि त्याला वाट पाहण्याचं पान म्हणायचो. पुण्यात ते झकास चाललं. तिकडे ‘शुक्रवारपर्यंत’ म्हटलं की शुक्रवारी खोटं बोलायला तरी माणूस फोन उचलायचा.

नोकरी सोडून गावी आलो ते आईसाठी. वडील गेल्यावर ती एकटीच होती, आणि दिवाळीत सडा टाकलेल्या अंगणात पाय घसरून तिचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर निघालं, पण हात पहिल्यासारखा काही झाला नाही. चहाची कपबशी उचलते, भरलेली बादली नाही. मी आलो, बायको आली आणि माझी पिवळ्या पानांची वही आली.

वहीत पहिलं नाव वायरमनचं. अंगणातल्या दिव्याचं बटण. एकेचाळीस दिवस. त्याखाली मिस्त्री, मोटार दुरुस्त करणारा, खिडकीची झडप करून देणारा सुतार. मी रोज सकाळी चष्मा लावून ओट्यावर बसायचो आणि एकेकाला फोन लावायचो. सगळे अतिशय प्रेमानं बोलायचे. काम सोडून सगळं विचारायचे. सुतारानं तर माझ्या पाठदुखीवर औषध सांगितलं. त्याचा गुण आला, झडप आली नाही.

आई शेजारीच बसलेली असायची. होळी झाली तशी ती रोज सहालाच आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून ओट्यावर येऊन बसायला लागली होती. एक दिवस तिनं माळ्यावरून पितळी सोऱ्या काढायला लावला, डाव्या हातानं चिंच लावून घासला आणि शेजारी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत घासला. मला वाटलं, कोवळं ऊन हाडाला बरं असतं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. मी वहीत, झालेल्या कामांच्या पानावर, ‘आई – ऊन’ असं लिहून खूण केली.

गल्लीत तेव्हा कुरड्यांचे दिवस होते. सकाळी या अंगणातून नाही तर त्या अंगणातून शिजत्या चिकाचा वास यायचा आणि बायांचा कालवा ऐकू यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, चोथा काढून त्याचं दुधासारखं पाणी रातभर निवळू द्यायचं. खाली बसतो तो चीक. सकाळी तो उकळत्या पाण्यात ओतून हाटायचा, म्हणजे गुठळ्या होऊ न देता घोटत राहायचा, आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून दाबून बाजेवर कुरड्या घालायच्या. थंड झाला की संपलं. आणि गहू एकदा भिजले की ते कोणासाठी थांबत नाहीत, आंबून जातात. एकटीदुकटीचं हे कामच नाही. म्हणून आमच्या गल्लीत सावड आहे. आज सगळ्या तुझ्या घरी, परवा सगळ्या माझ्या घरी. सात घरं आणि आठवं आमचं.

नोकरीसाठी पुण्यातच राहिलेल्या माझ्या पोरीचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. रुखवतात आजीच्या हातच्या कुरड्या पाहिजेत हे तिचं लहानपणापासूनचं ठरलेलं. रविवारी आईनं गहू भिजत घातले. बघतो तर दोनच पायल्या. एरवी आमच्याकडे आठ पायल्यांचं पातेलं असायचं.

“एवढेशेच?” मी म्हणालो.

“होतीन तेवढ्या होतीन.”

“कोण कोण येणार आहे?”

“येतीन ना.”

“तू सांगितलं का त्यांना?”

“सांगाले काय लागते? येतीन ज्याले यायचं ते.” आणि तिनं तोंड दुसरीकडे केलं.

आता माझ्यासारख्या माणसानं हे ऐकावं आणि गप बसावं? काम ठरलंय, गुरुवारची सकाळ ठरलीय, मुदत अशी की एक तास पुढे सरकत नाही, आणि एकाही माणसाकडून होकार नाही! पुण्यात असं झालं असतं तर आमच्या साहेबांनी खुर्ची फेकली असती. मी नवीन पिवळं पान काढलं आणि आईला बोलतं केलं. कोणाच्या घरी किती वर्षं गेलीस, काय केलंस. आई आधी नको म्हणाली, पण मग रंगली. समोरच्या काकूंची थोरली पोरगी पोटात होती तेव्हा चीक आईनंच हाटला होता. कोपऱ्यावरच्या घरात सासू-सुनेचं भांडण होऊन दोघी रुसल्या, तर आईनं एकटीनं चार पायल्यांच्या कुरड्या घातल्या आणि दोघींना एका ताटात जेवायला बसवलं. ती हसून हसून सांगत होती. मी लिहीत होतो: चीक हाटणे, एक वेळ. कुरडई घालणे, एक वेळ.

सोमवारी संध्याकाळी मी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कुरडई गुरुवार’ नावाचा ग्रुप काढला. बायांचे नंबर माझ्याकडे कुठून असणार, मग त्यांची पोरं, सुना, जे सापडतील ते नंबर टाकले. आणि मजकूर पाठवला. तो मला आजही पाठ आहे, कारण गल्लीनं मला तो विसरू दिलेला नाही.

‘नमस्कार. विषय: कुरडईकामी सहकार्य. आमच्या मातोश्री आजवर आपल्या घरी सोबतच्या तक्त्याप्रमाणे उपस्थित होत्या. सबब आपल्याकडील सहकार्य प्रलंबित आहे. तरी गुरुवारी सकाळी ठीक सहा वाजता सोऱ्यासह हजर राहावे. मिळाल्याची पोच द्यावी.’

खाली तक्ता. घराप्रमाणे. मला तर तो फार देखणा वाटला.

रात्रीतून सगळ्यांनी वाचला, कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त एक अंगठा आला. तो कोपऱ्यावरच्या घरच्या जावयाचा, जो लोणारला राहतो आणि ज्याला मी चुकून घेतलं होतं. त्यानं विचारलं, ‘सोऱ्या कोणता आणू, पितळी का स्टीलचा?’ मला बरं वाटलं. म्हटलं, पद्धत लागू पडते आहे. मंगळवारी दुपारी मी ‘स्मरणपत्र क्रमांक एक’ पाठवलं.

बुधवारी सकाळी समोरच्या काकू आल्या. एरवी आमच्याकडे आल्या की त्या थेट चुलीपर्यंत येतात, पण त्या दिवशी ओट्याखाली रस्त्यावरच उभ्या राहिल्या. आई ओट्यावर होती, धुतलेल्या पातळात.

“पोरगं लई शिकलं बाई तुहं,” काकू म्हणाल्या. “आमाले नोटीस धाडली. सुनेनं वाचून दाखोली मले. आता तुह्या घरी मी किती खेपा आली, ते बी लिहून ठेव म्हना त्याले.” आणि निघून गेल्या. चहा नाही, पाणी नाही.

“काय धाडलं रे तू?” आईनं विचारलं.

मी मोबाइल काढून वाचून दाखवलं. खरं सांगतो, वाचताना माझा आवाज जरा चढलाच होता, शाबासकीच्या आशेनं. तक्त्यापर्यंत आलो तेव्हा आईनं डावा हात वर केला.

“पुसून टाक.”

मी पुसला. तर ग्रुपवर सगळ्यांना दिसलं की संदेश पुसला गेला आहे, आणि ज्यांनी वाचला नव्हता त्यांनी वाचलेल्यांना विचारून घेतलं. दुपारपर्यंत अमडापूरच्या बाजारातही ही बातमी गेली होती. भाजीवालीनं मला मेथीची जुडी देताना, ‘पोच द्या लागते का साहेब?’ असं विचारलं.

पण ते नंतर. तेव्हा ओट्यावर आई एवढंच म्हणाली, “मी त्याहीच्या घरी मोजून गेली का रे कधी?” मग ती सोऱ्याकडे बघत बोलायला लागली. “या साली मले कोनीच बलावलं नाई. हात असा झाला, कोन बलावन? तरी म्हटलं, कोनीतरी हाक मारन. आंघोळ करून बसत होती रोज. आता तू त्याहीले हिशेब मांगतला. आता तर कोनी येत बी नाई अन् बलावत बी नाई.”

म्हणजे महिनाभर ती उन्हाला बसत नव्हती. रोज सकाळी सहाला तयार होऊन, सोऱ्या घासून, ती हाकेची वाट बघत होती, आणि मी तिच्याशेजारी मांडीला मांडी लावून वायरमनला फोन करत होतो. दोन पायल्या गहू का भिजवले तेही मला तेव्हा कळलं. एका धड हातानं, सुनेला घेऊन, कोणी आलंच नाही तर तेवढंच होणार होतं. मला इतकी लाज वाटली की वही घेऊन मी आत गेलो आणि ती गव्हाच्या कोठीमागं टाकून दिली.

माफी मागायला जातो म्हटलं तर आई म्हणाली, “तू कुठीच जाऊ नोको. आता तुह्या तोंडाचा भेव वाटते मले.” गहू तर आंबायला आले होते. बुधवारी दुपारी बायकोनं ते वाटले, गाळले, पातेल्यात निवळायला ठेवले. कोणी आलं नाही.

गुरुवारी पाचला चूल पेटवली. बायकोनं चीक हाटला. तिचं माहेर नगरकडचं, चीक हाटणं तिला नवीन नव्हतं, पण दोन पायल्यांचा चीकही एकटीनं हाटताना तिचे खांदे भरून आले. सोऱ्या दाबायचं काम माझ्याकडे आलं. लेकहो, सांगतो, बावीस वर्षं माऊस दाबलेल्या हाताला सोऱ्या काय चीज आहे ते त्या दिवशी कळलं. गरम चीक भरला की पितळ असं तापतं की धरवत नाही, आणि सोडलं की चीक आत घट्ट होतो. माझी पहिली कुरडई बाजेवर पडली ती बघून बायको म्हणाली, “अहो, ही गोल असते.” दुसरी तुटली. तिसऱ्या वेळी हाताला फोड आला. आई डाव्या हातानं तुटके तुकडे गोळा करत होती आणि मधूनमधून फाटकाकडे बघत होती. सहा वाजून गेले. निखाऱ्यावर ठेवलेल्या पातेल्यातला चीक वरून साय धरायला लागला.

तेव्हा आई उठली. सात वाट्या काढल्या, प्रत्येकीत गरम चीक घातला, वर तूप आणि साखर. कुरडईच्या दिवशी चिकाची वाटी घरोघर जाते, हे आमच्याकडे आहेच.

“सात घरी देऊन ये,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“काईच नोको सांगू बाप्पा. तुह्या सांगण्यानंच तर झालं हे. वाटी दे अन् वापस ये.”

पहिलं घर समोरच्या काकूंचं. त्या अंगण झाडत होत्या. मी वाट्यांची परात घेऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांची सवय, पोच मिळाल्याशिवाय पाय हलेना.

“चीक झाला का?” त्यांनी झाडू न थांबवता विचारलं.

“हो.”

“सोऱ्या कोन दाबून राह्यलं?”

“मीच.”

आता झाडू थांबला. त्यांनी माझे हात बघितले, मग माझं तोंड बघितलं. “अरे बाप्पा बाप्पा,” म्हणाल्या. “ठेव तिथं वाटी.”

बाकीच्या सहा घरीही मी वाट्या ठेवत गेलो. कोपऱ्यावरच्या घरी सुनेनं पदरात तोंड लपवलं, ती रडत नव्हती एवढं मला समजलं. परत येताना गल्लीच्या तोंडापासूनच आमच्या अंगणातला कालवा ऐकू आला.

काकू मांडी ठोकून बसल्या होत्या, त्यांचा स्वतःचा सोऱ्या मांडीवर, आणि आईला फैलावर घेतलं होतं. “हात मोडला का तोंड मोडलं व तुहं? रस्ता ओलांडून याले काय झालं तुले? आमी म्हटलं, बलावलं त हे बाई काम केल्याबिगर राह्यन नाई, हात अजून बिघडवन. म्हनून नाई बलावलं. अन् तू बसली रुसून ओट्यावर! बसाले तरी येशीन, चीक खाले तरी येशीन, आमी रोज पाहून राह्यलो का आज येते, उद्या येते.”

आई खाली बघून म्हणाली, “मले वाटलं, हात गेला त मी बी गेली.”

काकूंचा हात सोऱ्यावर तसाच राहिला. अंगणात तोवर आणखी दोघी आल्या होत्या, बाकीच्या फाटकातून शिरत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर ढकललं.

“चीक थंडा होऊन राह्यला,” काकू म्हणाल्या. “चाला व, बसा.”

मग काय विचारता! पाऊण तासात दोन्ही बाजा भरल्या. एक वाकडी नाही, एक तुटकी नाही. आईला त्यांनी बाजेच्या टोकाशी बसवलं आणि चिकात मीठ बरोबर आहे का हे चाखायचं काम दिलं. ते तिनं इतक्या वेळा केलं की शेवटी सगळ्या ओरडल्या. दोन पायल्या बघून तर माझीच खरडपट्टी निघाली. “नातीचं लगन आहे का चेष्टा? एवढ्याशासाठी सात बाया?” सोमवारी आठ पायल्या परत भिजवायच्या असं तिथंच ठरलं. मला कोणी विचारलंही नाही. चहा आणून दिला की जी ती, “मिळाला हो साहेब, पोच लिहून घ्या,” म्हणत होती. कोपऱ्यावरच्या सुनेनं तर अंगठा दाखवला.

त्यांच्यातल्या एकीनं भिंतीवरच्या लोंबणाऱ्या तारा बघून विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, वायरमन एकेचाळीस दिवसांपासून निघाला आहे. ती म्हणाली, “तो माहाच पोरगा.” तिनं सुनेच्या मोबाइलवरून फोन लावला आणि फक्त “काऊन रे बे?” एवढंच विचारलं. दहा मिनिटांत तो पक्कड घेऊन अंगणात हजर होता. माझ्याकडे बघेना. चहा निवायच्या आत त्यानं बटण लावलंसुद्धा.

उठताना काकू आईला म्हणाल्या, “परवा माह्याकडे चीक आहे. येजो.” मग माझ्याकडे वळल्या. “तुह्या हाताच्या बदली याले आनजो सोऱ्या दाबाले. सात घरी फिरला का शिकते हा बी.”

अशा रीतीनं, नियोजन विभागातला माजी अधिकारी, मी सावडीत रुजू झालो. हाताच्या फोडावर बायकोनं हळद लावली आणि दोन दिवस ती माझ्याकडे बघून हसत होती.

शनिवारी पहाटे मी उठलो तर आई ओट्यावर. आंघोळ झालेली, पातळ धुतलेलं, सोऱ्या घासलेला. चहा दिला, तो तिनं हातात धरून ठेवला. घोट घ्यायची आणि समोरच्या घराकडे बघायची. मी म्हणालो, “अगं, सहा तरी वाजू दे.” मग समोरून, चुलीच्या धुरातून, काकूंचा खणखणीत आवाज आला.

“चाल व बाई, झाला चीक!”

अर्धा चहा ओट्यावर ठेवून आई पायऱ्या उतरलीसुद्धा. मी सोऱ्या उचलला, चप्पल शोधायला लागलो. ती रस्त्याच्या मध्यावर पोचली होती. मागं वळून न बघता ओरडली, “चाल ना बे लवकर, वाट पाहून राह्यल्या त्या माही!”